लगे हात आप्पा

माझे सासरे मला बघायला आमच्या नाशिकच्या घरी आले, तेव्हा मला ते पहिल्यांदा दिसले ते न्हाणीघरात. हात धुवायला म्हणून आत गेले ते बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. इकडे पोहे गार झालेले, माझे बाबा सारखे दाराकडे बघतायत, आणि मी साडी सावरून सावरून कंटाळलेली. शेवटी आईनं मलाच आत पिटाळलं. बघते तर पाहुणे बाह्या वर सारून, नळाचं डोकं हातात घेऊन उभे. "गळत होता बेटा," ते म्हणाले. "मेन कॉक बंद केलाच होता, तर म्हटलं लगे हात शॉवरबी बघून घेऊ. तू वैशाली का? घरात जुना वायसर आहे का एखादा?" मी जुन्या स्लिपरचा रबर गोल कापून दिला. त्यांनी तो उजेडात धरून पाहिला, नळात बसवला, आणि पसंती तिथंच झाली. ज्याच्यासाठी ही सगळी मंडळी आली होती त्या प्रमोदनं मला नंतर बघितलं.

आप्पांनी आयुष्यात एक काम एकटं असं कधी केलंच नाही. एक काम हातात घेतलं की शेजारचं काम त्यांना हाका मारू लागायचं. दाढ काढायला शहाद्याला गेले, तर भूल चढेपर्यंत डॉक्टरांच्या करकरणाऱ्या खुर्चीला तेल घालून आले. एका मित्राच्या अंत्ययात्रेला गेले, आणि लाकडं रचून होईपर्यंत स्मशानातला बंद पडलेला हापसा उघडून बसले. चालू करूनच उठले. शेजारच्या लग्नात भटजी सापडले, तर दुपारी त्यांच्याकडून आमच्या गोठ्याची वास्तुशांत करून घेतली. गोठा तीस-चाळीस वर्षांचा जुना होता हो! पण आप्पांचं म्हणणं, "भटजी येयेलच शेतस, ते लगे हात व्हई जाई." त्यांचं खरं नाव दगाजी. पण सारंगखेड्यात त्या नावानं पत्ता विचारलात तर कुणी सांगणार नाही. 'लगे हात आप्पा' म्हणा, पोरं दारापर्यंत आणून सोडतील.

तापीच्या काठी आमचं घर, पुढे कापूस आणि केळीचं शेत. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. त्यामुळे घरात आप्पा, प्रमोद आणि मी. शिवाय चौथी अँबॅसिडर. सायीच्या रंगाची, पुढची सीट सलग बाकड्यासारखी आणि गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. प्रमोदचं शहाद्याला बियाण्यांचं दुकान आहे, त्याच्याकडे स्वतःची नवी, एसीवाली गाडी आहे. अँबॅसिडरचा तो गिअर त्याला जन्मात जमला नाही. मला जमला. कारण आप्पांनी मला एकदा केळी बघायला शेतावर नेलं आणि जाता जाता, अर्थातच लगे हात, स्टिअरिंग माझ्या हातात दिलं. मी बांधावरची केळीची दोन झाडं आडवी केली. आप्पा म्हणाले, "चाल, लगे हात कापणी बी व्हयनी."

आता आक्का. आक्का म्हणजे आप्पांची थोरली बहीण, तळोद्याजवळच्या एका गावात दिलेली. अक्षय्य तृतीयेला आमच्या खानदेशात आखाजी म्हणतात, आणि आखाजी म्हणजे लेकींचा सण. सासरी गेलेली पोर, मग ती विशीतली असो की ऐंशीतली, आखाजीला माहेरी यायलाच हवी. झोके, गाणी, आमरस, सांजोऱ्या, आणि पुरुषांचे ओट्यावर राजरोस पत्त्यांचे डाव. पण लेक अशी आपलीआपण उठून येत नाही. तिला आणायला माहेरचा माणूस जावा लागतो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. आप्पा आक्कांचे मुऱ्हाळी. आधी दमणीतून जात, बैलं जुंपून. मग अँबॅसिडर आली. त्यांची एकही आखाजी चुकलेली नव्हती.

येताना आक्का दह्याचं मडकं घेऊन यायच्या. आप्पांना त्यांच्या हातचं दही भारी आवडायचं. मातीच्या मडक्यात विरजलेलं, इतकं घट्ट की मडकं आडवं केलं तरी हलू नये, असं आप्पा सांगत. ते जरा फुगवून सांगत, हे आम्हाला एका आखाजीला कळलं. मी पुढं आप्पांशेजारी बसले होते, आक्का मागं, मडकं त्यांच्या दोन्ही पायांच्या मध्ये. गाव जवळ आलं आणि गाडी एकदम अशी काही थांबली, की मडकं उलटलं आणि सगळं दही मागच्या कार्पेटवर. म्हैस आडवी आली म्हणून आप्पांनी ब्रेक मारला, असं आक्कांचं म्हणणं. म्हैस लांब होती, ब्रेक हळूच लागला, मडकंच नीट धरलं नव्हतं, असं आप्पांचं. दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, माझा डोळा लागला होता. बाईच्या जातीला कधी झोप लागावी हे कळलं की सासर सोपं जातं.

"ब्रेक तूच मारा!"

"मडकं तूच धरेल व्हतं!"

हे दोन डायलॉग त्या आखाजीभर आमच्या घरात चालले. झोक्यावर बसून आक्का म्हणायच्या, पत्ते पिसता पिसता आप्पा उत्तर द्यायचे. सण संपला, आक्का परत गेल्या, पण दही गेलं नाही. उन्हाळ्यात त्याला वास सुटला, पावसाळ्यात तो पिकला आणि दिवाळीपर्यंत नुसता बहरला. आप्पांनी लिंबू चोळलं, कापूर ठेवला, एकदा तर गाडीच्या चारी काचा लावून आत धूप पेटवला. त्यानं झालं इतकंच, की गाडीला देवळातल्या नासक्या पंचामृताचा वास येऊ लागला. गावातल्या मांजरांना मात्र ती गाडी फार आवडायची.

होळीला आक्कांचा फोन आला. आप्पा कमी ऐकत, त्यामुळे फोन नेहमी स्पीकरवर, आणि त्यांचं खासगी बोलणं शेजारच्या गल्लीपर्यंत.

"तुन्ही गाडी अजून वास मारस ना रे?"

"थोडासा."

"मंग मी तिन्हामा बठनार नही. आते पासून सांगी ठेवस."

"प्रमोदनी गाडी लई येस मंग."

"प्रमोदनी गाडी काय मन्हा भाऊनी शे? मन्हा भाऊ त्यान्ही गाडी लई ई, तवयच मी येसू. नही ते ऱ्हाऊ दे यंदानी आखाजी."

फोन कट. मी हसत होते, म्हटलं म्हातारीचा राग, दोन दिवसांत उतरेल. तर आप्पा म्हणाले, "वैशाली, आक्का म्हातारी व्हयनी. मी बी काय जुवान शे का? एक आखाजी चुकनी का मंग कोण कोणले दखस, बेटा?" माझं हसू तिथंच थांबलं. मागच्या हिवाळ्यातच त्यांच्या छातीत कळ येऊन गेली होती, आणि डॉक्टरांनी त्यांना गाडीच काय, सायकलही चालवू नका म्हणून सांगितलं होतं. ती गोष्ट आक्कांना सांगायची नाही अशी मला आणि प्रमोदला तंबी होती.

दुसऱ्या दिवशी शहाद्याचे रफीकभाई आले. गाड्यांच्या सीटा, छत, कार्पेट शिवणारे, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत कुशनवाले. त्यांनी दार उघडलं, नाकाला रुमाल लावला आणि निदान केलं. "दोन दिवसनं काम शे आप्पा. सीटा काढ्या, जुनं फेकं, नवं चिटकाडं, व्हयनं. फक्त एक मेहरबानी करा. तुम्ही मधमा पडू नका."

आप्पा म्हणाले, "मी कसाले पडू?" आणि मला कळलं की आखाजीपर्यंत आमच्या घरात आता काही सरळ होणार नाही.

सीटा निघाल्या. त्या उन्हात कशाला, म्हणून पुढची सीट ओसरीवर आणि मागची आमच्या बैठकीत. मग कार्पेट उचललं. खाली शेंगांची टरफलं, एक वितभर सुतळी, आणि जिथं दही सांडलं होतं तिथं ज्वारीला चक्क कोंब फुटलेले. आप्पांनी ते कौतुकानं उपटले आणि कुंडीत लावले. कार्पेटखालचा नमदा, म्हणजे जाड लोकरी थर, पिळला तर पाणी निघालं. रफीकभाईंचं म्हणणं, दह्याचं असेल. आप्पांचं म्हणणं, वर्षाचं दही पाणी सोडत नाही, हे पाणी वरून येतं. त्यांनी एक बादली आणून पुढच्या काचेवर ओतली आणि आत वाकून बघत राहिले. काचेच्या रबरातून एक धार सरळ त्यांच्या कानात गेली. आप्पा आनंदले. "रफीक, रबर गयं शे! आते सगळं उघडेलच शे, ते लगे हात काच बी काढी टाकू."

काच काढली तर डॅशबोर्डमागं उंदरानं कुरतडलेल्या वायरी दिसल्या. वायरमन आला. गाडीच्या वायरी बदलायला आलेला माणूस, त्याच्या हातात टेस्टर, खिशात चिकटपट्टी. मग लगे हात घरातलंही जुनं वायरिंग बदलायचं निघालं आणि आम्ही दोन दिवस पंख्यावाचून घामाघूम. आखाजीच्या महिन्यात, खानदेशात, पंख्यावाचून! मी त्या दोन दिवसांत आप्पांशी बोलले नाही. त्यांनी माझ्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वर एक नवा दिवा लावून दिला, तेव्हा बोलले.

नमदा निघाला तसा खालचा पत्रा दिसला. ड्रायव्हरच्या पायाशी गंजून पुरीएवढं भोक पडलेलं. आप्पा वाकून त्यातून बघत होते, तर खालून आमची कोंबडी मान वर करून त्यांच्याकडे बघू लागली. दोघं काही क्षण एकमेकांकडे बघत राहिले. "रफीक," आप्पा म्हणाले, "मी इतला साल आथून कधीमधी जमीन दखू, मले वाटे नजर साफ शे." रफीकभाईंनी कपाळावर हात मारला. मग वेल्डर आला. त्यानं भोकावर पत्र्याचं ठिगळ मारलं, आणि मशीन आलंच आहे म्हणून गोठ्याचं फाटक, माझ्या कुकरचा दांडा आणि आखाजीच्या झोक्याच्या कड्याही जोडल्या. मग गंज घासून लाल रंग, त्यावर डांबराचा हात. डांबर वाळायच्या आत मांजर त्यावरून चालत गेलं. ते पंजे अजून आमच्या गाडीत आहेत, कार्पेटखाली.

रफीकभाई रोज सकाळी येत, नवं कार्पेट गुंडाळलेलं मोटारसायकलवरून आणत, आणि संध्याकाळी तसंच गुंडाळलेलं परत नेत. शेवटी त्यांनी ते आमच्याकडेच ठेवलं. मला म्हणाले, "भाभी, मी आयुष्यमा लई गाड्या कऱ्या. पन हाई गाडी नही, हाई बाळंतपण शे." तरी आप्पांनी सांगितलेलं ते करत. सीटांच्या पट्ट्यांना ग्रीस, दारांना नवं रबर, हँडब्रेकच्या तारेला तेल. आणि प्रत्येक वेळी आप्पांचं तेच. गालिचा एकदा चिकटला का मग खालचं काही दिसत नाही, जे करायचं ते आत्ता.

दर दोन दिवसांनी आक्कांचा फोन. "व्हयनी का गाडी?" "व्हईच जाई." "वास?" "आते ते नवा रंगना वास येस." "मंग उगडी ठेव." बहीण तिकडून फर्मान सोडायची आणि भाऊ इकडे चारी दारं उघडायचा.

आखाजी आठ दिवसांवर आली आणि आप्पांनी सगळ्यात मोठा घोळ घातला. मागची सीट आमच्या बैठकीत होती. येणारे-जाणारे तिच्यावर बसत, शेजारच्या काकू दुपारी तिच्यावर चक्क घोरत. आप्पा एकदा तिच्यावर बसले आणि त्यांना एक स्प्रिंग टोचली. झालं! रफीकभाईंना सीट दिली, म्हटलं लगे हात काथ्या बदला, स्प्रिंगा बदला, वर रेक्झिन नवं चढवा. रफीकभाई हात जोडून म्हणाले, "आप्पा, आखाजीनंतर करू." आप्पा म्हणाले, "आक्का काय स्प्रिंगवर बठी का?" सीट शहाद्याला गेली, उसवली गेली. आणि रफीकभाईंना सुरतेहून मेव्हण्याच्या अपघाताचा निरोप आला. दुकानाला कुलूप लावून ते तसेच निघाले. मेव्हणा वाचला, देवाची कृपा. पण सीट कुलपाच्या आत.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी गाडी अंगणात उभी होती. नवं तपकिरी कार्पेट, पुढची सीट, काचेला नवं रबर, नव्या वायरी. वास म्हणाल तर डांबराचा, रंगाचा, चिकटवायच्या सोल्युशनचा, दह्याचा म्हणून नावालाही नाही. आणि मागं नुसता पत्र्याचा ओटा. प्रमोद म्हणाला, "आप्पा, आता हट्ट सोडा, माझी गाडी न्या. आत्याला मी समजावतो." आप्पा पायरीवर बसले. त्यांना असं रिकामं बसलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. शर्टाच्या खिशात नेहमीचा स्क्रू ड्रायव्हर होता, तो काढून हातात धरला होता, आणि उघडायला काही उरलं नव्हतं.

मग माझंच डोकं फिरलं. म्हटलं, दीड महिना माझ्या घराचा उकिरडा केला तो काय असं पायरीवर बसायला? मी घरातल्या सगळ्या गोधड्या काढल्या. पत्र्याच्या ओट्यावर दोन, खालच्या कार्पेटवर दोन, पाठीला बैठकीतला लोड, धरायला दाराच्या दांडीला सुती ओढणी बांधली. आप्पा उठून बघायला आले. आत वाकले, हातानं दाबून पाहिलं. "दमणी," ते म्हणाले. "वैशाली, तू ते दमणी करी टाकी." मी म्हटलं, "चला आता, आणि गाडी मी चालवणार." ते म्हणाले, "जाताना तू चालव. येताना मी. मुऱ्हाळी मी शे." डॉक्टरांचं मला आठवत होतं. पण त्या माणसाला त्या दिवशी नाही म्हणणं माझ्यानं झालं नाही.

आक्का ओट्यावर तयारच बसलेल्या, नऊवारी, डोक्यावर पदर, हातात दह्याचं मडकं. मडकं बघून आप्पांचा चेहरा पडला. आक्का गाडीजवळ आल्या, आधी नाक आत घातलं, दीर्घ श्वास घेतला, मान डोलावली. मग नीट बघितलं.

"सीट कोठे शे रे?"

"काढी टाकं," आप्पा छाती काढून म्हणाले. "तुन्हासाठे, मुद्दाम. दमनीमा बठत व्हती ना, तशी बठ."

आक्कांनी त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला झोप लागायची सोय नव्हती, मी उभी होते. "खोटं नको बोलू. ऱ्हाई गयं ना सीट?"

"ऱ्हाई गयं," आप्पा म्हणाले.

म्हातारी पदरात तोंड खुपसून अशी हसली, की तिच्या सुना बाहेर आल्या. मग चपला काढून आत चढल्या, लोडाला टेकल्या, पाय लांब सोडले. मांडीवर मडकं घेतलं. "बरं व्हयनं ऱ्हाई गयं. त्या सीटवर मन्हा पाय लोंबकळेत. आते बसाडू नको ते सीट कधीच." आणि एकदम हुकूम, "चाल. पन ब्रेक मारू नको."

आप्पांनी तो हुकूम शब्दशः पाळला. तळोद्यापासून सारंगखेड्यापर्यंत त्या माणसानं ब्रेकला पाय लावला नाही. गतिरोधक आला की लांबूनच गिअर उतरवायचा, गाडी बैलासारखी चालवायची. शहाद्याच्या चौकात आखाजीच्या बाजाराची ही गर्दी. आप्पांनी काच खाली केली, एक हात हॉर्नवर आणि मान बाहेर काढून ओरडत निघाले, "बाजूले व्हा! दही शे! दही शे!" हवालदारानं शिट्टी तोंडात धरली ती तशीच राहिली, त्यानं बाकीच्या गाड्या थांबवल्या. मागं आमच्या रांग लागली, मोटारसायकलवाले शिव्या देत पुढं जात, आत बघत, आणि गोधडीवर पाय पसरून बसलेली म्हातारी बघून हसत जात. आक्का त्यांना हात करत होत्या. मी चाललेच होते शरमेनं सीटखाली, पण हसूही आवरत नव्हतं.

घर आलं. गाडी अंगणात आपलीआपण थांबली. सगळी गल्ली बघायला उभी. आप्पांनी उतरून मागचं दार उघडलं, मडक्यात डोकावले आणि दोन्ही हात वर केले. "दख आक्का! ब्रेक मारा नही, ते थेंबभर बी सांडं नही!"

आक्का जागच्या हलल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "म्हंजे मांगे मारा व्हता ना!"

गल्लीत एकच हशा उसळला. आप्पांचे हात वरच राहिले. त्यांनी प्रमोदकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "तवय दही पातय व्हतं." पण आता कोण ऐकणार? ती सबंध आखाजी आक्का झोक्यावर बसून ते वाक्य येईल त्याला ऐकवत होत्या, आणि पत्त्यांत आप्पा डावावर डाव हरत होते. इतक्या सुखानं हरणारा माणूस मी पाहिलेला नाही.

मागची सीट रफीकभाईंनी नंतर आणून दिली, नवा काथ्या, लाल रेक्झिन. आक्कांचा हुकूम म्हणून ती गाडीत बसवलीच नाही. ती आमच्या बैठकीतच राहिली आणि आप्पांची दुपारची जागा झाली. हिवाळ्यात, सारंगखेड्याच्या घोड्यांच्या जत्रेचे तंबू उठायला लागले होते तेव्हा, एका दुपारी मी त्यांना चहा घेऊन गेले. ते त्या सीटवर मान टेकून बसले होते. मांडीवर टीव्हीचा रिमोट उघडलेला, सेल काढून बाजूला ठेवलेले, हातात स्क्रू ड्रायव्हर. मला वाटलं डोळा लागला. मी हाक मारली, दुसऱ्यांदा मारली, आणि चहा माझ्या हातातून पडला. मी त्या दिवशी जितकी रडले तितकी माझ्या बाबांच्या वेळीही रडले नव्हते, हे खरं ते सांगते. संध्याकाळी स्मशानात माणसांनी हातपाय धुतले ते त्यांनीच चालू केलेल्या हापशावर.

आक्का आल्या, दिवस होईपर्यंत राहिल्या. रडल्या नाहीत. त्या लाल सीटवर कुणाला बसू मात्र देत नव्हत्या. जाताना म्हणाल्या, "आते कसानी आखाजी माले." आणि प्रमोदच्या गाडीत, एसीत, पाय लोंबकळत ठेवून निघून गेल्या.

आखाजी आली. प्रमोदनं फोन केला, आत्या घ्यायला येतो. त्या म्हणाल्या नको. परत केला, नको. मी दुपारी गाडीची कव्हरं काढली. बॅटरी उतरलेली होती, शेजारच्यांनी धक्का दिला. मागं त्याच गोधड्या घातल्या, तोच लोड, तीच ओढणी दांडीला बांधली, आणि एकटी तळोद्याच्या रस्त्याला लागले. गाडीचा आवाज त्यांनी लांबूनच ओळखला असणार. मी पोचले तर त्या ओट्याच्या कडेला येऊन उभ्या होत्या. गाडीतून मी उतरले तेव्हा त्यांची नजर माझ्या मागं, ड्रायव्हरच्या रिकाम्या जागेवर जरा वेळ राहिली.

"यंदा मुऱ्हाळी तू का वं?"

"हो आक्का. चालेल ना?"

"गाडी त्यान्हीच शे ना? मंग चालस." त्या आत गेल्या आणि दह्याचं मडकं घेऊन बाहेर आल्या. नको नको म्हणणाऱ्या बाईनं दही विरजून ठेवलेलं होतं.

मीही ब्रेकला पाय लावायचा नाही असं ठरवून निघाले होते. पण मला काही आप्पांसारखा गिअर उतरवता येत नाही. गावाच्या अलीकडे शेळ्यांचा कळप रस्त्यावर आला आणि माझा पाय पडलाच. मागं मडकं हिंदकळलं, वाटीभर दही गोधडीवरून नव्या कार्पेटवर गेलं. मी गाडी बाजूला घेतली, फडकं शोधू लागले. "आक्का, चुकलं माझं. थांबा, पुसते."

"पुसू नको," आक्का म्हणाल्या.

"अहो, वास येईल परत."

"येऊ दे."

घरी आप्पांच्या नावाची पहिली घागर भरायची होती. आमच्याकडे आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि आंबे ठेवतात आणि निखाऱ्यावर त्याच्यासाठी घास टाकतात. प्रमोदनं पुरणपोळीचा घास टाकला, तूप सोडलं, सगळ्यांनी हात जोडले. आक्का मडकं घेऊन पुढं आल्या. गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू खाली बसल्या, चमचाभर दही काढलं आणि निखाऱ्यावर सोडलं. चर्र आवाज झाला, वास घरभर पसरला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं आणि ते त्यांनी पुसलंही नाही.

"ले भाऊ, खाय. घट्ट शे," त्या म्हणाल्या. मग घागरीकडे थोडं झुकून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, पण आम्हा सगळ्यांना ऐकू आलं, "पन ब्रेक तूच मारा व्हता."